रोगमुक्तीच्या सभेतून परतताना

माझं लग्न ठरलं तेव्हा मी नागपुरात प्राथमिक शाळेत शिकवत होते. लहानपणी पोलिओनं उजवा पाय गेला होता. पायाला लोखंडी कॅलिपर बांधल्याशिवाय चालता येत नसे. मुलानं मला तशीच पसंत केली होती. त्याच्या आई मात्र गप्प होत्या. त्या हिवाळ्यात बाहेरगावचे एक प्रचारक मैदानावर रोगमुक्तीच्या सभा घेऊ लागले, तेव्हा मला तिथे न्यायचंच, असा त्याच्या आईंनी हट्ट धरला.

नाही म्हणायची हिंमत झाली नाही. येशूनं पांगळ्यांना चालवलं, हे मी संडे स्कूलपासून ऐकत आले होते. मनात थोडी आशाही होती. पण पाय बरा झाला नाही तर लग्न मोडेल, ही भीती त्याहून मोठी.

मंचावर प्रचारकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि कॅलिपर काढून चालायला सांगितलं. मी उभी राहिले, पाऊल टाकलं, गुडघा दुमडला आणि सतरंजीवर पडले. प्रचारक पुढच्या माणसाकडे वळले. मला उचलणारा कार्यकर्ता हळूच म्हणाला की, विश्वास कमी पडला.

खाली आल्यावर होणाऱ्या सासूबाई जमिनीवर बसल्या आणि स्वतः कॅलिपरचे पट्टे बांधू लागल्या. मी त्यांची माफी मागितली. घरी परतताना सायकलरिक्षा बरीच पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, “माफी काहून मांगून राहिली वं? तुहा पाय बरा व्हावा, हे मी तुह्यासाठी नाही, माह्यासाठी मांगत होती. लोक काय म्हणतीन, याची मले धास्ती होती. तू पडली तवा सारे पाहत होते. मले लाज नाही वाटली, त्या माणसाचा राग आला. धास्ती गेली माही.”

मी रडले, पण मन हलकं झालं होतं. चमत्कारांवर माझा आजही विश्वास आहे. तो कोणी माझ्या पायावरून मोजेल, ही चिंता मात्र त्या संध्याकाळी संपली.

माझे बाबा आमच्या घराच्या फाटकाशी वाट पाहत उभे होते. त्यांनी आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या तोंडाकडे. त्यांना विचारायचं धाडस होईना.

“उपवासकाळ लागायच्या आत लग्न करून टाकू,” सासूबाई म्हणाल्या. “ईस्टरपावतर चर्चात लग्न लागत नाही, मंग ऊन तापते, पाहुण्यायचे हाल होतात.”

बाबांनी त्यांना चहाला आत बोलावलं.