मोकलसाहेबांची जीभ

मोकलसाहेब रोज सकाळी नऊ वाजता स्विमिंग पूलची चव घ्यायचे. काठावर उकिडवे बसायचे, तर्जनी पाण्यात बुडवायचे, जिभेला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग बाजूला थुंकून जाहीर करायचे, "सात पॉइंट चार." पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी हे सांगणारा तो आकडा. तो किती असावा हे त्यांना कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं आणि तेव्हापासून त्यात बदल झाला नव्हता. भर उन्हाळ्यात सात पॉइंट चार, धो धो पावसानंतर सात पॉइंट चार, शंभर पाहुणे दिवसभर डुंबून गेले तरी सात पॉइंट चार. पाणी तपासायची पेटी ऑफिसच्या कपाटात होती. तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा कुणी फाडलेलं नव्हतं. "ती ज्यांना जीभ नाय त्यांच्यासाठी," ते म्हणायचे.

गेल्या महिन्यात जुन्या नोकरीतल्या आपांचा फोन आला. "मोकल गेला गो. तुला कळवावं म्हटलं." गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. मी बसून आठवून पाहिलं. जे आठवलं ते लिहिते आहे. त्यात चांगलं किती निघालं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

निडी आणि रोह्याच्या मधल्या एका रिसॉर्टमध्ये मी दोन वर्षं रिसेप्शनला होते. माझी ती पहिली नोकरी. पेणहून सकाळची गाडी पकडायची, निडीला उतरायचं, तिथे रिसॉर्टची जीप यायची. मालक शेठ ठाण्याला राहायचे आणि फोनवरून रिसॉर्ट चालवायचे. इथला कारभार मोकलसाहेबांकडे होता. गडबच्या पुढे खाडीकाठी त्यांचं गाव. "काका म्हनायचं नाय, साहेब म्हनायचं," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मला मात्र ते नावाने कधी हाक मारत नसत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून "काय कॉन्व्हेंट, आज काय वाचलं?" असं विचारत आणि उत्तराची वाट न बघता निघून जात. मी उत्तर देत नसे, त्यामुळे दोघांचीही सोय होती.

पाण्याबद्दल कुणी शंका काढली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आपन केमिकल झोनमधली मानसं हाव. वीस वर्षं कंपनीत काढलीत. आपल्याला पानी शिकवायचं नाय." मी हे बराच काळ खरं मानलं. मग एकदा चादरी मोजताना आपांनी सहज सांगून टाकलं. आपा म्हणजे जैबुन आपा. खोल्यांची व्यवस्था बघायच्या, नवरा कतारला. "कंपनीत होता ना," त्या म्हणाल्या, "कँटीनमध्ये. आमटी चाखायचा." त्यानंतर सकाळी नऊ वाजता मला पुलावर जाणं अवघड होऊ लागलं. तोंड सरळ ठेवता येत नसे.

माझ्या दुसऱ्या वर्षी रिसॉर्टमध्ये गणपती बसला. मूर्ती मोकलसाहेबांनीच हमरापूरहून आणली, मेव्हण्याच्या कारखान्यातली. शाडूची, चांगली अडीच फूट उंच. पाचव्या दिवशी नदीवर जायच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली आणि पाहुण्यांना दुपारच्या जेवणाची घाई होती. मोकलसाहेब म्हणाले, "नदी कशाला? आपल्याकडं पानी नाय का? शाडू हाय, विरघळून जाईल." पाहुण्यांना कल्पना फार आवडली. ढोल वाजला, फोटो निघाले आणि गणपतीचं विसर्जन पुलात झालं.

मूर्ती विरघळली, हे खरं. विरघळलेली माती पुढे कुठे जाते हा प्रश्न मात्र त्यांना पडला नाही. दुसऱ्या दिवशी पूल ताकासारखा पांढरट झाला. त्यांनी बोट चाटलं. "सात पॉइंट चार." मग पाण्यात तुरटी फिरवली, अगदी घरच्या माठात फिरवतात तशी. फक्त इथे तुरटीचं अर्धं पोतं होतं आणि माठाच्या जागी शेठचा पूल. तुरटीने गाळ खाली बसतो, पण त्यासाठी पाणी स्थिर हवं. यांनी पंप चालूच ठेवला. तो सगळा चिकट गाळ फिल्टरच्या टाकीत, वाळूवर जाऊन बसला.

फिल्टरचं पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात होतं. इंग्रजीत असल्यामुळे ते कुणी उघडलं नव्हतं. मी दुपारच्या निवांत वेळी ते वाचून काढलं. टाकीवर एक काटा असतो. वाळू तुंबली की काटा चढतो. मग पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुवायची आणि ते घाण पाणी बाहेर टाकायचं, त्याला बॅकवॉश म्हणतात. आमचा काटा आठ दिवस चढत होता. शुक्रवारी मी धीर करून मोकलसाहेबांना तो दाखवला.

"वर गेला म्हंजे ताकद वाढली मशीनची," ते म्हणाले.

"पण धुवायला पाहिजे असं लिहिलंय. घाण बाहेर..."

"घान?" त्यांनी आवाज चढवला. मागे माळी उभा होता, दोन पाहुणेही होते. "देवाची माती हाय ती, कॉन्व्हेंट. ती गटारात सोडू? तुमच्या शाळंत हे शिकवलं व्हय?"

बॅकवॉशचा पाइप खरंच गटारात जात होता. आठ दिवस तीच माती पुलातून फिल्टरमध्ये आणि फिल्टरमधून पुलात फिरत होती, ती या श्रद्धेपायी. ढोंग असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता, आणि अडाणीपणाला देवाचा आधार मिळाला की त्याच्याशी बोलणार कोण?

रविवारी पेणच्या एका पोहण्याच्या क्लासची बत्तीस मुलं येणार होती. सहा ते दहा वर्षांची, निम्मी नुकतीच पोहायला शिकलेली. पुस्तकात एक ओळ जाड अक्षरात छापलेली होती: तळाची जाळी काठावरून दिसत नसेल तर पूल बंद ठेवा. कारण उघड होतं. तळ दिसत नसेल तर तळाला गेलेलं मूलही दिसणार नाही. शनिवारी मी शेठना फोन लावून तळ दिसत नसल्याचं सांगितलं. "मोकल काय म्हणतो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ठीक आहे म्हणतात." "मग झालं तर," शेठ म्हणाले. मी फोन ठेवला. मोकलसाहेबांबद्दल लिहिताना हा फोन मी गाळू शकले असते. पण त्या दिवशी पूल उघडा राहिला तो त्यांच्या एकट्यामुळे नाही.

रविवारी बस आली. मुलं रंगीत टोप्या घालून काठावर ओळीने उभी राहिली. त्यांचे सर, एक सडपातळ गृहस्थ, पाण्याकडे बघून म्हणाले, "पाणी जरा पांढरं वाटतंय."

"मिनरल हाय ते," मोकलसाहेब म्हणाले. "लोक पैसे देऊन घेतात." आणि उकिडवे बसून त्यांनी बोट बुडवलं.

सर घुटमळले. शिट्टी त्यांच्या हातातच होती. आपा नाश्त्याच्या स्टीलच्या थाळ्या घेऊन माझ्या शेजारी येऊन थांबल्या होत्या. आदल्या दिवशीचा फोन त्यांनी ऐकला होता. "बोल ना गो," त्या हळूच म्हणाल्या. "तोंड काय फक्त वरणभाताला दिलंय?"

मी आपांच्या हातातली वरची थाळी घेतली, पाच फुटांच्या बाजूला गेले आणि थाळी पाण्यात सोडली. ती तिरकी तिरकी खाली गेली आणि वीतभर खोलीवरच पांढऱ्यात नाहीशी झाली.

सगळे माझ्याकडे बघत होते. "साहेब," मी म्हटलं, "थाळी कुठे आहे?"

"तळाला. जानार कुठं?"

"दाखवा ना."

ते हसत उठले. काठावरून वाकून बघितलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. डोळ्यांवर हात धरला. चार पावलं पुढे जाऊन परत आले. लाल टोपीतली एक मुलगी म्हणाली, "मला पण नाही दिसत." मग सगळीच मुलं वाकून थाळी शोधायला लागली.

इथे दुसरा माणूस विषय बदलून मोकळा झाला असता. मोकलसाहेबांनी घड्याळ काढून माळ्याकडे दिलं, शर्ट काढला आणि पँटसकट पाण्यात उतरले. पाणी त्यांच्या गळ्यापर्यंत आलं. खाली बघण्याचा त्यांनी प्रयत्नच केला नाही. तोंड वर करून, समोर कुठेतरी नजर लावून ते आडवे आडवे सरकू लागले. एक पाय टेकायचा, तळ चाचपायचा, मग दुसरा. खाडीच्या गढूळ पाण्यात शिंपले काढणारी माणसं अशीच चालतात. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच शांतपणा पाहिला. त्या पायांना काय हवं ते नेमकं ठाऊक होतं. जिभेपेक्षा ते कितीतरी हुशार होते. मला ते आवडलं, आणि आवडलं याचा रागही आला.

भिंतीवर घड्याळ होतं. मी त्याच्याकडे बघत होते. सरही बघत होते.

शेवटी मोकलसाहेबांनी खाली बुडी मारली आणि थाळी डोक्यावर धरून वर आले. पाणी निथळत होतं, दात दिसत होते. "सापडली," ते म्हणाले. काही मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"दिसली का?" मी विचारलं.

थाळी अजून त्यांच्या डोक्यावरच होती.

"चार मिनिटं लागली," सर म्हणाले. आवाज अगदी साधा होता. त्यांनी शिट्टी वाजवली. "सगळे मागे. टॉवेल घ्या. आज पाण्यात कुणीही उतरायचं नाही."

मुलं रडली, दोन पालक माझ्याशी भांडले, आणि शेठचा फोन आला तो वेगळा. मोकलसाहेब ओल्या पँटने पंपाच्या खोलीत जाऊन बसले. संध्याकाळी मी पुस्तक घेऊन तिकडे गेले तेव्हाही तिथेच होते. आपा दारात उभ्या होत्या.

"गटारात सोडायचं नाय ना?" आपा त्यांना म्हणाल्या. "मग मोठा पाइप लाव आन् नारळांना सोड. देवाची माती झाडाला गेली तर देव काय रागावतो काय?"

मोकलसाहेब उठून पाइप शोधायला लागले.

टाकी उघडली तेव्हा वाळूवर खरवसासारखा जाड, पांढरा थर होता. तो त्यांनी हातांनी खरवडून काढला. मी पुस्तकातून वाचून सांगायचे, ते करायचे. वाळू नारळांच्या बाजूला पाणी सोडून धुतली. मग पुन्हा तुरटी टाकली, या वेळी पंप बंद ठेवून. सकाळी सगळा गाळ तळाला बसला होता. तो पाइपने ओढून फिल्टरला न लावता परस्पर नारळांकडे नेला. असं तीनदा करावं लागलं. चौथ्या दिवशी तळाची जाळी दिसली, तिचा एक तुटलेला कोपरासुद्धा दिसला.

त्यांनी माझे आभार मानले असतील असं वाटत असेल तर मोकलसाहेब तुमच्यापर्यंत पोचलेच नाहीत. शेठ आले तेव्हा त्यांच्यासमोर ते म्हणाले, "तुरटीचा गुन उशिरा लागतो. आपल्याला म्हाईत होतं. आन् नारळाला पानी सोडायची आयडिया आपलीच." आपा पदराआड हसल्या. मी रजिस्टरमध्ये मान घातली. त्या दिवसापासून मात्र ते मला "मॅडम" म्हणू लागले, आणि तो आदर होता की सूड हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पेटीवरचं प्लास्टिक मी फाडलं. रोज साडेआठला पाणी तपासायचे आणि आकडा पुलाजवळच्या फळ्यावर लिहायचे. कधी सात, कधी सात पॉइंट आठ. नऊ वाजता मोकलसाहेब यायचे, फळ्याकडे पाठ करून बसायचे, बोट चाटायचे. "सात पॉइंट चार." फळ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मी एकदाही बघायला सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना अलिबागकडच्या एका मोठ्या रिसॉर्टने बोलावलं. "तिकडं पानी बिघडलंय," ते सगळ्यांना सांगत सुटले. जायच्या दिवशी पांढरा शर्ट घालून, बॅग फाटकाशी ठेवून ते सवयीने पुलावर आले. उकिडवे बसले. पाणी इतकं स्वच्छ होतं की त्यांच्या बोटाची सावली तळावर पडली होती. त्यांनी बोट जिभेला लावलं, डोळे मिटले, थुंकले.

"सात पॉइंट चार," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

मी अर्ध्या तासापूर्वी पाणी तपासलं होतं. नळीतला रंग तीन वेळा पेटीतल्या रंगपट्टीशी ताडून बघितला होता, कारण माझा विश्वास बसत नव्हता. फळ्यावर मी अजून काही लिहिलं नव्हतं. खडू माझ्या हातात होता.

मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"जीप आली, साहेब," मी म्हटलं. ते गेल्यावर आकडा लिहिला. सात पॉइंट चार.