धरून ठेवलेला सूर

पांढुर्ण्यात मला स्वरलिपी वाचायला शिकवली ती बुद्धविहारातल्या मावशींनी. तिथं गाणाऱ्या सगळ्या बायका त्यांना मावशीच म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही. माझी शाळा पाचवीतच सुटलेली, गाव लांब, मी इथं कापसाच्या जिनिंगच्या कामाला आलेली. वाचता आलं नाही तर या गाणाऱ्या बायकांतूनही उठावं लागेल, ही धास्ती असायची.

मावशींचा गळा आजारपणात गेला होता. गाऊन दाखवता येत नसे, म्हणून त्या फळ्यावर आपल्या चालींचे सूर लिहीत आणि मांडीवर बोटानं मात्रा धरत. सूर लांबवायचा असला की त्याच्यापुढे आडवी रेघ काढत. मी घाबरून ती रेघ सोडायची आणि पुढचं अक्षर सगळ्यांच्या आधी गायची. बायका हसायच्या.

"काहून एवढी घाई करून राहिली पोरी? गाडी सुटते का तुही?" मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. मग हळूच, "रेघ म्हंजे रिकामी जागा नाही. मागचाच सूर हाय तिथं. थांब त्याच्यावर. कोणी उठवत नाही तुले."

त्या दिवशी मी पूर्ण ओळ गायले. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या.

त्यांनी बांधलेल्या चाली त्यांना आता स्वतःला गाता येत नाहीत. एक दिवस त्या साऱ्या मी वाचून त्यांना ऐकवीन.