बंबातली कल्हई

मुरुम गावात आमच्या घरी नळ आला तो महाराष्ट्र झाल्यावर. आळीतला पहिला नळ म्हणून सासूनं त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मला त्या पाण्याचा पहिल्या दिवसापासून राग. माझं माहेर तेरणा नदीच्या काठचं. तिथं डाळ घोटावी लागत नव्हती. इथं दोन तास जाळ घातला तरी दाणा वेगळा, पाणी वेगळं. साबणाला फेस नाही. लुगडं वाळलं की पापडासारखं कडक. पण बोलायची सोय नव्हती. नळ सासूच्या मानाचा होता.

पहाटे बंब पेटवायचं काम माझं. तांब्याचा मोठा बंब, मधल्या नळीत गोवऱ्या आणि तुराट्यांचा विस्तव, भोवती पाणी. सासरे कचेरीत कारकून. त्यांना बारा महिने कढत पाणी लागायचं. पहिल्या वर्षी थोडक्या जळणात पाणी उकळायचं. दुसऱ्या वर्षी दुप्पट जाळलं तरी कोमट.

गोवऱ्यांचा ढीग लवकर उतरायला लागला. शेजारी एक विधवा बाई राहायची, तिच्याशी मी परसात बोलायचे. सासूनं ठरवून टाकलं की मी तिला भिंतीवरून जळण देते.

"आत्याबाई, बंबात आतून पांढरा थर धरलाय," मी सासूला म्हणाले. "खरवडून काढू का?"

"हात लावशील तर बघ. कल्हई हाय ती."

पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, ती पांढरी असते. बंबाचं टोपण काढून सासूनं आत पांढरं बघितलं आणि पाण्यानंच कल्हई चढवली असं धरून बसली. आळीत सांगून आली, "आमच्या नळाचं पाणी फुकटात कल्हई करतंय." कल्हईत तोंड दिसतं. या थरावर बोट फिरवलं तर खरचटायचं. मी तेवढंच म्हणाले.

"चौथी शिकली म्हणून मला कल्हई शिकवती व्हय गं?"

सासरे हसले. नवराही हसला.

त्या आठवड्यात सासऱ्यांनी माझ्या भावाला कार्ड लिहिलं. तुमची बहीण घरातलं जळण चोरून बाहेर देते, येऊन घेऊन जावे. कार्ड पेटीत टाकायला नवरा गेला. मला सासूनं नंतर सांगितलं. माझे वडील वारले होते. चोर म्हणून माघारी गेले असते तर उरलेला जन्म भावजयीच्या चुलीपुढं मान खाली घालून काढावा लागला असता.

दोनच दिवसांनी बंब पेटवला आणि नळीतून सूंऽ आवाज आला. विस्तव विझला, राखेचा चिखल झाला. नळीला भोक पडलं होतं.

"जाळून जाळून भोक पाडलं बयेनं!" सासू ओरडली.

बाजारातल्या म्हाताऱ्या कल्हईवाल्या चाचाला बोलावलं. त्यानं अंगणात नळी सोडवून काढली आणि हातोडीनं ठोकली. बोटाएवढ्या जाड पांढऱ्या खपल्या पडल्या, पाटीभर.

"अहो चाचा, सगळी कल्हई काढली की!" सासू म्हणाली.

"कैसी कल्हई, अम्मा? तांब्याच्या बंबाला कोण कल्हई करतंय? चुना है, पानी का चुना. मधी एवढी भिंत असल्यावर आग पाण्याला लागणार कशी? तांबंच जळून भोक पडणार. सारं मुरुम जाळलं तरी पानी ठंडाच."

मी सासऱ्यांकडं बघितलं. ते म्हणाले, "भोकाला डाग पक्का दे रे." सासू म्हणाली, "एवढा चुना साठेपर्यंत ही झोपली होती काय?" कार्डाचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं भाऊ आला. मान खाली. सासूनं त्याच्यापुढं चहा ठेवला. "बहिणीची आठवण झाली व्हय?"

भावानं खिशातून कार्ड काढलं. मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि सासऱ्यांपुढं धरलं.

"याच्याखाली लिहा, चूक झाली म्हणून."

"झालं गेलं. आता कशाला?"

"मग मी वाचते."

दारात उभी राहिले आणि मोठ्यानं वाचलं. मला वाचायला वेळ लागायचा, एकेक अक्षर लावून वाचलं. 'चोरून' दोनदा वाचलं. समोरच्या ओट्यावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. शेजारची विधवाही बाहेर आली. मग त्या सगळ्यांना खपल्यांची पाटी दाखवली आणि चाचा काय म्हणाला ते सांगितलं. सासू आत निघून गेली.

भाऊ म्हणाला, "चल घरी."

"मी काही केलं नाही. मी येत नाही."

तो संध्याकाळच्या गाडीनं एकटाच गेला.

जेवताना नवरा म्हणाला, "एवढं चारचौघांत वाचायचं काय कारण होतं?"

"तुम्ही पेटीत टाकलं, मी दारात वाचलं."

त्यानं ताट सारलं आणि उठला. त्या दिवशी मी त्याला 'जेवा' म्हणाले नाही.