खैराचा भुसा

पावसाळ्यात आमच्या घरात दोनच आवाज असत, पावसाचा आणि करवतीचा. आम्ही सुतार, घर दहिवलीला. उन्हाळ्यात ओंडके अंगणात चिरत. तिथं वारा असे. भुसा उडून शेजारणींच्या वाळवणावर जाई आणि शिव्या तेवढ्या आमच्या वाट्याला येत. पाऊस लागला की सगळं काम पडवीत. झड आत येऊ नये म्हणून पडवीला तिन्ही अंगांनी बांबूचे तट्टे बांधत. मग पाऊस आत येत नसे आणि भुसा बाहेर जात नसे. चुलीवरच्या भातापासून पाळण्यातल्या माझ्या पोरीच्या पापण्यांपर्यंत सगळ्यांवर तो बसे.

त्याच पोरीच्या पाटीवर पुढे मी अक्षरं शिकले, म्हणून आज हे लिहिते आहे. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, हे वाचायला उरले नाहीत याचं मला वाईट वाटतं.

मोठा ओंडका चिरायला दोन माणसं लागतात. ओंडका उंच घोडीवर चढवतात. एक जण त्यावर उभा राहून आखलेल्या रेघेवर करवत चालवतो. दुसरा खाली उभा राहून ओढतो, आणि करवत काढील तेवढा भुसा त्याच्या तोंडावर पडतो. म्हणून सुतारांत रीत आहे, की ओंडका बदलला की माणसंही बदलायची. खालचा वर, वरचा खाली. आमच्या घरी ओंडके बदलत, माणसं नाही. वर माझा दीर, खाली माझे यजमान. यजमान मामंजींच्या पहिल्या बायकोचे, दीर दुसरीचा, आणि दुसरी अजून घरात भाकरी वाढत होती. कारण एवढंच. मामंजी मात्र चारचौघांत सांगत, की थोरल्याची नजर रेघेवर ठरत नाही. साफ खोटं. पोरीचा पाळणा यजमानांनी एकट्यानं केला होता आणि त्याच्या सांध्यात नख शिरत नव्हतं.

संध्याकाळी काम संपलं की सासूबाई गूळ देत. भुसा नाकातोंडात गेला की वर गूळ खायचा, म्हणजे तो खाली उतरतो, असं सगळेच मानत. मीही मानायची. दिवसभर भुशाच्या वर उभा राहणाऱ्या दिराला मुठीएवढा खडा मिळे. माझ्या माणसाला सुपारीएवढा. त्यावर सासूबाई म्हणत, "जास्ती गुळानं कफ व्हतो."

त्या वर्षी घरात खैर आला. कर्जतच्या ठेसनात माल नेणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांचे कणे करायचे होते. खैराचं लाकूड दगडासारखं, भुसा मात्र पिठासारखा बारीक, आणि ओला झाला की काथासारखा तांबडा. यजमानांच्या मानेवरून घामाचे तांबडे ओघळ उतरत. नागपंचमीपर्यंत खोकला छातीत जाऊन बसला. आडवं झालं की जीव घुसमटे, म्हणून ते भिंतीला टेकून झोपायला लागले.

मी जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला, चौपदरी केला, पाण्यात पिळून त्यांच्या नाकातोंडावर बांधला.

"दम कोंडतो का?" मी विचारलं.

"नाय गं. गार वाटतंय."

संध्याकाळी फडकं सोडलं तर बाहेरून तांबडं थर धरलेलं आणि आतून पांढरं. तो आतला पांढरा पदर बघून मला इतका आनंद झाला, की मी तो सासूबाईंनाही दाखवायला गेले. मूर्खच मी.

दुसऱ्या सकाळी मामंजी पडवीत आले. "ह्ये काय बांधलंयस रं?"

"भुसा जातो नाकात, आबा."

"मेल्याचं तोंड बांधतात, जित्याचं नाय. हत्यार म्हंजी देव हाय. देवाम्होरं तोंड बांधून उभा ऱ्हातोस?" त्यांनी फडकं ओढून काढलं. करवत भिंतीला टेकवली आणि लेकाला तिच्यापुढं नाक घासायला लावलं. जमिनीवर खैराचा भुसा पडलेला होता. यजमानांनी त्यात नाक घासलं, आणि उठले ते खोकतच. दीर वर ओंडक्यावर पाय सोडून तंबाखू चोळत बसला होता. मला पहार घेऊन धावावंसं वाटलं. कडेवर पोर होती, म्हणून राहिले. फडकं उचललं, धुतलं आणि कणगीमागं खोचून ठेवलं.

मग थुंकी तांबडी पडायला लागली.

"खैर हाय त्यो," मामंजी म्हणाले. "खैर तांबडाच असतो." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं. पुढे कणे झाले, खैर संपला आणि फळ्यांसाठी आंबा आला. आंब्याचा भुसा पांढुरका. थुंकी तांबडीच. मी ती करवंटीत धरली आणि मामंजींच्या पुढ्यात नेली.

"मामंजी, आंबा कवापासनं तांबडा झाला?"

त्यांनी करवंटीत पाहिलं. रक्त त्यांना ओळखू आलं नाही असं मी मरेपर्यंत मानणार नाही. "मागला खैर आसंल छातीत," ते म्हणाले. "गूळ वाढवा त्येचा." आणि त्यांनी लेकाला खाली उभं राहायला हाक मारली.

गूळ खरंच वाढला. लिंबाएवढा खडा हातात आला, आणि तो गिळण्याइतका दम यजमानांच्यात उरला नव्हता.

गणपतीच्या आधी ते गेले. घोडी बाजूला सारून त्यांना पडवीतच ठेवलं. शेवटपर्यंत हवा ओढत होते, म्हणून तोंड उघडंच राहिलं होतं. मामंजी म्हणाले, "फडकं आना, तोंड बांधाया."

मी कणगीमागचं फडकं आणलं. त्यांनी ते ओळखलं. "दुसरं नाय का?"

"नाय. ह्येच बांधा. मेल्याचं बांधतात, म्हनला व्हतात."

त्यांनी बांधलं. गाठ दोनदा सुटली आणि ते बघून मला बरं वाटलं.

तेरावं झालं. काम खोळंबलेलं. बाहेरचा माणूस यायला तयार नव्हता, कारण आमच्याकडे खाली गेलेल्याला वर घेत नाहीत हे गावाला माहीत झालं होतं. शेवटी मामंजी स्वतः ओंडक्यावर चढले आणि दीर खाली उभा राहिला. दोन ओढींतच भुसा नाकात जाऊन तो खोकायला लागला, करवत चालेना. मी आत तांदूळ निवडत होते, तेवढ्यात सासूबाई आल्या. हातात नव्या कोऱ्या पंच्याचा फाडलेला तुकडा.

"काय गं, त्ये फडकं कसं करायचीस? चौपदरी का दुपदरी? पानी गार घ्यावं का कोमट? ह्यांनीच इचारलंय."

बाहेर मामंजी थांबले होते. देवाचं नाव काढत नव्हते.

मी सूप खाली ठेवलं. फळीवरचं गुळाचं मडकं काढलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं.

"गूळ द्या त्येला," मी म्हणाले. "भुसा खाली उतरतो."