धनराजभाऊंनी न पाहिलेले शेवट

घुग्घुसमध्ये पांढरा शर्ट वाळत घातला की कोळसा खाणी आणि सिमेंट फॅक्टरीच्या धुळीनं संध्याकाळपर्यंत तो आपोआप राखाडी होतो. आमच्या सिनेमा मंडळाचे किस्सेही तसेच साचले. कुणी मुद्दाम जमवले नाहीत, आणि झटकले तरी जात नाहीत.

मंडळ काढलं माझ्या शाळेतल्या मित्रानं, प्रकाशनं. तो काही वर्षं पुण्यात नोकरी करून परतला, आता लग्नाचे व्हिडिओ काढतो. बोर्डावर ‘उत्तम सिनेमाची आवड रुजवणे’ असं लिहिलंय, पण खरं कारण घरगुती. त्याचे बाबा धनराजभाऊ कोळसा खाणीत डंपर चालवायचे. जन्मात त्यांनी एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही, मध्येच ड्युटीची वेळ व्हायची. आता रिटायर झालेत, तर बाबांनी एक तरी सिनेमा पूर्ण पाहावा, एवढीच पोराची इच्छा. त्या इच्छेपायी दर रविवारी दुपारी आम्ही समाजमंदिराच्या खिडक्यांना सतरंज्या लावतो आणि अख्ख्या गावाला सिनेमा दाखवतो.

*

पडदा म्हणजे खानावळवाल्या शोभाबाईंची चादर. पहिल्याच महिन्यात एक परदेशी सिनेमा लावला. त्यात सगळीकडे बर्फच बर्फ, आणि आमच्या चादरीवर तो बर्फ सिमेंटच्या रंगाचा! रिटायर्ड मास्तर रामटेके सर त्या शुभ्रतेच्या अर्थावर बोलायला उभे राहिले. शोभाबाई शेजारणीला म्हणाल्या, "तिकडंबी फॅक्टरी हाय वाट्टे."

*

चांगला सिनेमा कशाला म्हणायचं यावर सिनेमानंतर प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं, असा नियम आहे. रामटेके सरांचं एक वाक्य चहा गार होईपर्यंत चालतं.

शोभाबाईंची कसोटी मात्र पक्की आहे. एकदा सगळे एका सिनेमाची वाहवा करत होते. त्यांनी मान हलवली. "एवढा वेळ झाला, कोणी जेवलंच नाई. उपाशी माणसायचं प्रेम मी काऊन खरं मानू?"

तेव्हापासून सिनेमा निवडताना प्रकाश आधी त्यात जेवणाचा सीन आहे का ते बघतो.

*

आरमोरीकडच्या एका गावात आम्हाला बोलावलं. तिकडे नाटक म्हणजे रात्रभराचं काम. लोक चटया, लेकरं, डबे सगळं घेऊन आले. आमचा सिनेमा दीड तासात आटोपला. दिवे लागले तरी कुणी उठेना. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, आता सुरू कधी करता?

काय करणार? तोच सिनेमा पुन्हा लावला. लोकांनी तितक्याच मन लावून पाहिला. निघताना म्हाताऱ्यानं प्रकाशच्या पाठीवर हात ठेवला. "पहिल्या बारी जरा कच्चं होतं. दुसऱ्या बारी नटायनं चांगलं काम केलं."

*

आता धनराजभाऊ. रिटायर झाले तरी त्यांची सवय जात नाही. बाहेर सेकंड शिफ्टवाल्यांच्या मोटारसायकली सुरू झाल्या की ते उठतात, चप्पल घालतात, चालायला लागतात. कुठे जायचं ते त्यांनाही माहीत नसतं.

पण सिनेमा अर्धा राहिला असं त्यांना कधीच वाटत नाही. उरलेला ते स्वतः पूर्ण करतात आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगतात. एकदा त्यांनी सांगितलेला शेवट ऐकून रामटेके सर घरी गेले आणि त्यांनी मोबाइलवर तो सिनेमा पुन्हा पाहिला. दुसऱ्या दिवशी जरा चिडूनच म्हणाले, दिग्दर्शकाला जमलं नाही.

*

शेवटी प्रकाशनं स्वतःच सिनेमा काढला. अगदी छोटा, मोटारसायकली सुरू व्हायच्या आत संपेल असा. गोष्ट त्याचीच. पोरगा नोकरीसाठी पुण्याला निघतो, बाप ड्युटीवर असतो, एसटी सुटते. संपलं. खऱ्या एसटीच्या वेळी चंद्रपूरच्या स्टँडवर मी होतो. खिडकीत बसलेला प्रकाश माझ्याशी बोलत होता आणि बघत होता गेटकडे.

रविवारी धनराजभाऊ पहिल्या रांगेत बसले. रामटेके सर दोन शब्द बोलायला उठले. विषय, चांगला सिनेमा म्हणजे काय. दोन शब्द लांबले. सिनेमा सुरू झाला, पोरानं बॅग भरली, आणि बाहेर मोटारसायकली सुरू झाल्या. भाऊ उठले, चप्पल घातली आणि गेले.

सिनेमा संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रकाश मागच्या भिंतीला टेकून रडला. मी चादर काढायला लागलो.

सकाळी आम्ही दोघं टपरीवर गेलो तर भाऊ आधीच बसलेले, आणि भोवती चार जण ऐकत होते. आम्हाला पाहूनही ते थांबले नाहीत.

"मंग त्या बापानं डंपर उभा केला. साहेबाले म्हटलं, सुट्टी द्या, नाईतर नोका देऊ, मी चाललो. एसटी सुटतच होती. हात दाखवून थांबवली."

एकानं विचारलं, पोराला काय म्हणाला मग?

भाऊंनी बशीतला चहा संपवला. "बोलला काईच नाई. खिडकीतून डबा देल्ला."

प्रकाशनं हातातला ग्लास खाली ठेवला.

"डब्यात काय होतं, बाबा?"

भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं.

"ते नाई दाखवलं सिनेमात."