शेवटची वीत

सोकचो बंदराशेजारच्या वाळूच्या पट्टीवर युद्धाच्या काळात उत्तरेकडून पायी आलेली माणसे राहतात. बांग ओकबुन त्यांच्यापैकीच एक. डुकराच्या मोठ्या आतड्यात चिकट भात, भाजी आणि रक्त भरून वाफवलेले सुन्दे विकणे हा तिचा व्यवसाय होता. आतडे उलटे करून जाड्या मिठाने चोळावे, पीठ लावून पुन्हा धुवावे आणि पाणी नितळ निघेपर्यंत कंबर सरळ करू नये, ही तिच्या सासूची शिकवण. ती तिने विधवा झाल्यावरही एक दिवस मोडली नाही. तिचा एकुलता एक मुलगा चांगगिल म्हाकूळ पकडणाऱ्या बोटीवर असे. घरात ती आणि सून हेसुक.

ऐन थंडीत हेसुकला मुलगा झाला. पहिली शी झालीच नाही. पोट नगाऱ्यासारखे फुगले आणि मूल हिरवे ओकू लागले, तेव्हा बर्फाने भरलेला घाट ओलांडून त्याला सोलच्या मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टर रिउंनी निदान केले की मोठ्या आतड्याचा शेवटचा तुकडा हलतच नाही. तूर्त त्यांनी पोटाच्या डाव्या अंगाला एक वाट करून दिली, तिथून शी बाहेर येऊ लागली. बाळ थोडे भरले की दुसरी शस्त्रक्रिया करू, निकामी तुकडा काढू आणि चांगले आतडे खाली ओढून जोडू, असे त्यांनी सांगितले.

वस्तीतून बाजाराकडे जाताना मध्ये खाडी आहे. ती तराफ्यावरून ओलांडायची असते आणि दोन्ही काठांना ताणलेली तार उतारूंनीच लोखंडी आकड्यांनी ओढायची असते. एका सकाळी हेसुक अशीच तार ओढत असताना म्हाताऱ्या गापजोमने तोंड उघडले. गापजोमला कोणी काही विचारत नसे, पण ती बोलली की ऐकत सगळे.

“पोटुशी बाई आतडी धुणार, तर पोरगं आतड्याचंच दुखणं घेऊन येणार. ते सांगायला भगत कशाला हवा?”

हेसुकने आकडा खाली ठेवला. त्या दिवसापासून ती आतडी धुण्याच्या टबाजवळ फिरकली नाही, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ जवळ आली तेव्हा तिने साफ नकार दिला.

“माझ्याच हातांनी झालंय हे, आई. आता पुन्हा त्याच्या पोटाला सुरी लागू द्यायची नाही. आहे तसा जगू दे त्याला.”

चांगगिल बोटीवरून आला, त्याने दोघींचे म्हणणे ऐकले, दोघींपुढे मान डोलावली आणि पुन्हा समुद्रावर निघून गेला.

ओकबुनला शस्त्रक्रिया व्हायला हवी होती, पण तिची अडचण अशी होती की गापजोमचे बोलणे तिलाही खरेच वाटत होते. शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला सुन्द्यांची मागणी फार असते. नेमका तेव्हा तिचा मनगटाचा सांधा मुरगळला होता, म्हणून तिनेच पोटुशा सुनेला टबाशी बसवले होते. पाप झाले असेल तर ते आपले, सुनेचे नव्हे, असे तिला वाटे. तिने टब पालथा घालून ठेवला. पण पालथ्या टबाकडे पाहत बसल्याने नातवाचे पोट काही चालणार नव्हते. अखेर तिने ठरवले की दोष आपला असेल तर तो नीट समजून तरी घ्यावा. डोक्याचा रुमाल बांधून ती एकटीच घाटाच्या बसमध्ये चढली.

डॉक्टर रिउंनी तिला पाहताच विचारले, “आजी, बाळ कुठंय?”

“बाळ मागाहून येईल. आधी मला सांगा, ते आतडं हलत का नाही? मला वाचता येत नाही, तेव्हा तोंडानंच सांगा.”

डॉक्टरांनी तिच्या डोक्याचा रुमाल मागून घेतला, त्याची गुंडाळी करून मेजावर लांब पसरली आणि तिच्यावरून दोन बोटे चालवत सांगू लागले. आतड्याला हलवणाऱ्या पेशी आतड्यात जन्मत नाहीत. गर्भ घेवड्याच्या दाण्याएवढा असतो, तेव्हा त्या मानेच्या मागच्या बाजूने निघतात, वरच्या टोकाने आतड्यात शिरतात आणि खाली चालू लागतात. वाटेत त्यांना पिल्ले होत राहतात. मागे दाटी झाली की पुढच्या आणखी पुढे सरकतात. पुढचे आतडेही त्यांना जणू हाक मारत असते. कोणी मध्येच ठाव धरते, कोणी पुढे जाते, आणि अशी शेवटच्या टोकापर्यंत वस्ती होते. या बाळाच्या पोटात त्या एक वीत अलीकडेच थांबल्या.

“का थांबल्या?”

“ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही.”

ओकबुनने रुमालाच्या शेवटच्या वीतभरावर बोट ठेवले. तिचा बापही असाच बर्फातून चालत आला होता आणि या वाळूवर थांबला होता. तो पुढे का गेला नाही, असा जाब त्याला कोणी कधी विचारला नव्हता.

मग ज्या दोषाचा उलगडा करायला ती आली होती, त्याकडे वळून तिने विचारले. “हे चालणं संपतं कधी?”

“तिसरा महिना सरेपर्यंत. ज्या पोचायच्या त्या तोवर पोचतात.”

ओकबुनने बोटांवर हिशेब केला. सुनेला दिवस गेले तेव्हा घाटात वसंत सरतानाचा पांढरा रानमोहर होता. उन्हाळ्याच्या अखेरीस म्हाकुळाचा हंगाम भरात आला तेव्हा तिसरा महिना सरला. आणि सण? सण त्यानंतर. तिने तो हिशेब पुन्हा एकदा केला, कारण स्वतःच्या सोयीचा हिशेब दोनदा तपासावा असे तिला वाटे. तो तसाच निघाला. तिने रुमाल झटकून पुन्हा डोक्याला बांधला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती खाटीकखान्यात गेली, नुकतेच काढलेले कोमट आतडे घेऊन आली, टब सरळ केला आणि सुनेला हाक मारली. हेसुक उंबऱ्यातच थांबली. ओकबुनने तिचा हात धरून टबाशी आणले आणि आतड्याला हलकासा चिमटा काढला. ते आखडले, आणि ती लाट सावकाश पुढे सरकली.

“डुकराचं डोकं तिकडं बाजारात टांगलंय. मग याला कोण हलवतं? मानेमागून चालत येऊन इथं राहिलेले हलवतात. आपल्या बाळात ते वीतभर अलीकडे थांबले.”

“माझ्यामुळं.”

“ऐक, पोरी. तिसरा महिना सरला की त्यांचं चालणं संपतं. तू या टबात हात घातलास तो सणाला. तोवर जे यायचे ते आले होते, जे थांबायचे ते थांबले होते. माझा टब वाईट असेल, पण तो मागच्या तारखेनं पाप लावत नाही.”

हेसुक टबाशी खाली बसली. मग तिने स्वतःच एक चिमटा काढला आणि लाट टोकापर्यंत जाताना पाहिली.

“आणि डॉक्टर चुकीच्या जागी कापतील तर?” तिने विचारले.

ओकबुनने तेही विचारून ठेवले होते. आतड्याचे बारीक तुकडे लगेच तपासतात आणि वस्ती दिसल्याशिवाय टाका घालत नाहीत. हेसुकने हात धुतले आणि बाळाचे कपडे बांधायला घेतले.

शस्त्रक्रिया लांबली. पहिला तुकडा तपासला, त्यात कोणी नव्हते. दुसऱ्यातही नव्हते. तिसऱ्यात वस्ती सापडली, तेव्हा कुठे टाके पडले. पुढे काही आठवड्यांनी पोटावरची वाटही बंद केली, आणि मग सुरू झाली ती खरी प्रतीक्षा. तिथे पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सगळे नातेवाईक एकाच गोष्टीची वाट पाहतात आणि तिच्याबद्दल कोणी लाजत नाही. शेजारच्या खाटांवरचे लोकसुद्धा येता-जाता विचारत, “सुटला का वारा?” ओकबुन मान हलवून नाही म्हणे आणि बाळाच्या लंगोटाशी पुन्हा कान लावून बसे. हेसुकने जेवण सोडले होते. ते ओकबुनने तिला रागावून भरवले.

तो आवाज झाला तेव्हा दुपार होती. लहानसा होता, पण सगळ्या खोलीने ऐकला. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, “वा रे पठ्ठ्या, बंदराचा भोंगा वाजला.” हेसुक हसू लागली आणि हसता हसताच भिंतीकडे तोंड करून रडली. संध्याकाळी लंगोटही भरला. ओकबुनने तो कोणाला धुऊ दिला नाही, स्वतःच धुतला.

पुढच्या शरदात सणाच्या तोंडावर हेसुक बाळाला पाठीशी बांधून तराफ्यावर चढली. हातात ताज्या आतड्यांची बादली होती. गापजोम बसलेलीच होती.

“पुन्हा आतडी?” गापजोम म्हणाली. “आणि त्याचं पोट चालतं का गं आता?”

“आजी, तुम्ही वाऱ्याच्या दिशेलाच बसला आहात,” हेसुक म्हणाली. “आत्ताच त्यानं उत्तर दिलं. कळलं नाही?”

तराफा हसला. गापजोमने बाहीने नाक दाबले, थोडी सरकून बाजूला बसली आणि एक आकडा उचलून हेसुकच्या हातात दिला. हेसुकने तो तारेला अडकवला आणि ओढायला सुरुवात केली.