दोरी न उचलणारी बाई

व्हर्ना स्टकी मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मागाहून कुणीतरी म्हणेल की ऑरिन टॅकेटने त्या बाईबद्दल आकसाने लिहिलं. आकसानेच लिहितो आहे. एकवीस वर्षं मी तिच्यापासून चार फुटांवर उभा राहून मासे पकडतोय, आणि एवढ्या जवळून इतकी वर्षं पाहिल्यावर माझा राग कुणी ऐकीव म्हणू शकणार नाही.

हॅगर्टी स्प्रिंग पार्कात पुलाखाली ओढ्याला एक दगडी भिंत आहे. मार्चच्या एक तारखेला सकाळी साडेसहाला भोंगा वाजतो आणि त्या भिंतीवरून पाऊणशे गळ एकदम पाण्यात पडतात. कुणाची जागा कुठली हे कुठेही लिहिलेलं नाही, पण मागच्या वर्षी जो जिथे होता तो तिथेच येतो. माझी जागा लोखंडी कडीपाशी. माझ्या खालच्या अंगाला, जिथे पाणी वळसा घेतं, तिथे व्हर्ना. ही जागा तिच्या नवऱ्याची, हॅरलनची होती. तो एकवीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेला आणि तीन आठवड्यांनी भोंगा झाला तेव्हा त्याचे रबरी बूट घालून ही तिथे उभी होती. कुणी सांत्वनाला पुढे झालं तर म्हणाली, "सरक जरा, माझ्या पाण्यावर सावली पडतेय."

एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. अर्ध्या तालुक्याला तिने शाळेत पोचवलं आणि उरलेल्या अर्ध्याला रस्त्यात सोडून दिलं, असं आम्ही म्हणतो. फाटकाशी पोरगं नसलं की बस थांबायची नाही. मागून धावत येणारं पोर आरशात दिसलं तरी नाही. माझी पुतणी एकदा बर्फातून दोन मैल चालत घरी आली. माझा भाऊ रे जाब विचारायला गेला, तर त्यालाच हिने घड्याळ दाखवलं. आजही चाळिशीची माणसं पार्कात हिला पाहिलं की सिगारेट पाठीमागे धरतात.

तर हे असं ध्यान. पण माझा डूख बसचा नाही. माझा डूख दोरीचा आहे.

भिंतीवर माणसं खांद्याला खांदा लावून असतात. अशा गर्दीत कुणाला मोठा मासा लागला की तो ओरडतो, "मासा!" आणि ज्या दिशेला मासा पळेल तिकडचे सगळे आपापल्या दोऱ्या पाण्याबाहेर काढून काठ्या उभ्या धरतात. मासा हाती लागेपर्यंत कुणी गळ टाकत नाही. ही रीत सगळे पाळतात. चर्चमध्ये एकमेकांशी न बोलणारे इथे एकमेकांसाठी दोरी उचलतात. व्हर्ना उचलत नाही. कुणासाठीच नाही.

तिसऱ्याच वर्षी मला एक मोठा मासा लागला. इथे हॅचरीत, म्हणजे मासे पैदा करायच्या केंद्रात, अंड्यांसाठी काही ट्राउट सहा-सहा, सात-सात वर्षं पोसतात, आणि ते थकले की ओढ्यात सोडून देतात. वर्षाला मोजके. रोजचा मासा पाऊण-एक पाउंडाचा, हे दहाच्या पुढचे. पार्काच्या तोंडाशी डॉयलचं आमिषांचं दुकान आहे. तिथे भिंतीवर दहा पाउंडांच्या वरच्या माशांचे फोटो लावलेत, खाली नाव, वजन आणि मासा कशावर लागला ते. रेचा फोटो तिथे आहे. आमच्या बापाचा आहे. घरी जेवायला बसलं की रे अजून विचारतो, "काय ऑरिन, भिंतीवर केव्हा चढतोस?" आणि सगळे हसतात. तेव्हा मला दुसरं काही नको होतं. त्या भिंतीवर एक चौकोन हवा होता.

तो मासा खाली पळाला. भिंतीच्या टोकापर्यंत सगळ्यांच्या काठ्या वर. हिची दोरी पाण्यात तशीच.

"उचल ना बाई," मी म्हणालो.

"मासा तुझा आहे ना?" ती म्हणाली. "मग तू सांभाळ."

तिच्या दोरीत माझी अडकली, ताणली आणि तुटली. ती शांतपणे आपली दोरी सोडवत बसली आणि वर म्हणाली, "गाठ कच्ची होती तुझी, टॅकेट." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हापासून सकाळचं 'कशी आहेस' सुद्धा मी तिला कधी विचारलं नाही.

आता तिचं एक मान्य करतो, कारण ते न सांगितलं तर पुढचं कळणार नाही. आमिष ती स्वतः बांधायची. तिच्याकडे तांबड्या केसांची एक म्हातारी कुत्री होती, मेबल. तिचे केस गळावरच्या शिशाच्या मण्याला हिरव्या दोऱ्याने बांधायची, वर दोन गाठी. तसलं आमिष आख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं आणि मासे त्याच्यासाठी वेडे व्हायचे. मेबल दोन वर्षांपूर्वी मेली. त्यानंतर व्हर्नाने डॉयलला सांगितलं होतं की कॉफीच्या डब्यात मूठभर केस उरलेत, तेवढे संपले की आपण गळ खुंटीला टांगणार. डॉयलने ते मला सांगितलं आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या शनिवारी भिंत गच्च भरली होती. हॅचरीवाल्यांनी त्याच आठवड्यात म्हातारे मासे सोडले होते. आठच्या सुमारास शेजारी रीळ किंचाळलं. पाहतो तर व्हर्नाची काठी वाकून पार पाण्याला टेकलेली. ती ओरडली नाही. पण मासा उलटा वर फिरला, माझ्याकडे, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा ती मला म्हणाली,

"टॅकेट, उचल."

वरच्या अंगाला सगळ्यांनी उचलल्या. ज्यांचे मासे हिने घालवले होते त्यांनीसुद्धा. मी नाही उचलली. मुद्दाम. मला वाटलं, तुटू दे. बघू दे जरा कसं वाटतं ते.

तुटली नाही. मासा माझ्या दोरीखालून गेला, वळला, तिच्या आणि माझ्या दोरीचा गुंता झाला, आणि तो गुंता ओढत तो दमून थेट माझ्या पायाशी आला. मी जाळं खाली घातलं. त्याची शेपटी जाळ्यात मावत नव्हती. ओठाच्या कोपऱ्यात तांबडे केस, हिरवा दोरा, दोन गाठी. माझा सोनेरी चमचा, म्हणजे माझं चकाकत्या पत्र्याचं आमिष, त्याच्यापासून हातभर लांब, तिच्या दोरीत अडकलेला.

गळ ज्याचा तोंडात, मासा त्याचा. हे इथे सगळे धरून चालतात. मी तिच्याकडे पाठ करून वाकलो. छातीवर कात्री लटकत होती. मी तिची दोरी कापली, आमिष ओठातून काढून खिशात टाकलं आणि चमचा हातात धरून उभा राहिलो. एवढं व्हायला शिंक यावी इतका वेळ लागला असेल. मग मी जाळं उचललं आणि भिंतभर लोक टाळ्या वाजवायला लागले.

"तिची तुटली वाटतं," कुणीतरी म्हणालं. "पण टॅकेटला लागला बघा."

व्हर्नाने रीळ गुंडाळलं. दोरीचं टोक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून तिने ते एकदा फिरवलं. ताणून तुटलेल्या दोरीचं टोक वळलेलं असतं. कापलेलं सरळ असतं. हे तिला माझ्याहून जास्त कळतं.

अकरा पाउंड सहा औंस. डॉयलने दुकानात फोटो काढला. गर्दीतून व्हर्ना पुढे आली. मला वाटलं, आता ही तमाशा करणार, आणि मी तयारही होतो.

"कशावर लागला?" तिने विचारलं.

हा प्रश्न इथे मोठा मासा पाहिला की प्रत्येक जण विचारतो.

"सोनेरी चमचा," मी म्हणालो.

"लिहून घे, डॉयल," ती म्हणाली. "सोनेरी चमचा." त्याने लिहिलं. ती त्याच्या खांद्यावरून नीट वाचत उभी राहिली आणि मग गेली.

रेने रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. तळलेलं कोंबडं, मक्याचा ब्रेड, माझ्या नावाने टाळ्या. मी अर्धं ताट तसंच ठेवून उठलो. त्याचंही खापर मी मनात तिच्यावरच फोडलं.

पुढच्या शनिवारी मला मासा लागला. जेमतेम पाउंडाचा. त्यासाठी कुणी ओरडत नाही, मीही नाही ओरडलो. तरी व्हर्नाने आपली दोरी पूर्ण गुंडाळली, काठी छातीशी उभी धरली आणि मी मासा काढेपर्यंत हलली नाही. लोक बघतच राहिले. दुसरा लागला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिच्या स्वतःच्या गळाशी मासा ठोकरत होता, तरी तिने दोरी ओढून घेतली. फक्त माझ्यासाठी. बाकी कुणासाठी ती अजूनही उचलत नाही.

वर्ष झालं. आता तिच्या पलीकडचेही तिचं बघून उचलतात. डॉयल म्हणतो, "टॅकेट, त्या बाईवर जादू काय केलीस?" पाद्रीबाबांनी तर प्रवचनात आमचं नाव घेतलं. जागा बदलावी म्हटलं, तर लोक कारण विचारतील. ते आमिष अजून माझ्या खिशात आहे. ते टाकून देता येत नाही आणि तिला परतही देता येत नाही. डब्यातले केस केव्हाच संपलेत. ती दुकानातलं प्लॅस्टिकचं काहीतरी लावून येते. तिला मासे लागत नाहीत, आणि तरी ती भोंग्याच्या आधी येऊन उभी असते.

काल मला वीतभर मासा लागला. तिची काठी वर गेली. पलीकडच्या सात-आठ काठ्याही वर गेल्या. मला राहवलं नाही.

"नको ना उचलूस, बाई," मी हळूच म्हणालो. "तुझ्या पाया पडतो."

तिने पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"का?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मासा तुझा आहे ना, टॅकेट?"

आणि काठी उभी धरून ती उत्तराची वाट पाहत राहिली. तिच्या पलीकडचे सगळेही.